हवेचा नळ

अर्फा रांगायला लागल्यापासून शाझियानं जमिनीवर पडलेली वस्तू नुसती पाहिली आणि सोडून दिली, असं कधी झालं नाही. शर्टाचं बटण, चिंचोका, पेनाचं टोपण, शेंगेचं टरफल, जे दिसेल ते ती आधी उचलायची आणि मग हातातलं काम पुढं करायची. पोर जरा गप्प बसली की हिला राहवायचं नाही. चुलीवर दूध असो की दारात पाहुणा असो, पळत जाऊन ती अर्फाच्या गालात बोट फिरवायची. सासू मेहरुनबी म्हणायची, नाक्यावर गाडीची घेतात तशी झडती घेते ही पोरीची. शाझिया हसायची, पण बोट काही मागं घ्यायची नाही.

सांगलीत विश्रामबागला राहून तिनं बीएस्सी केली होती. लग्नानंतर रहिमतपूरला आली. नवरा यासीन, त्याचा एक सहाचाकी ट्रक, सासू आणि आता अर्फा, एवढं घर. ट्रकवर सगळं चालायचं. यासीन रहिमतपूर-कोरेगावकडनं आल्याची पोती भरून न्यायचा आणि बेदाण्याच्या दिवसांत कवठे महांकाळच्या बेदाणा वाळवायच्या शेडांना पुठ्ठ्याचे बॉक्स पोचवून परत बेदाणा घेऊन यायचा. शेडांकडं जाणारे रस्ते कच्चे. पुढं एखादी गाडी असली की मागच्याला नुसता धुरळा दिसायचा, गाडी दिसायची नाही.

त्या धुरळ्यानंच मागल्या वर्षी त्यांना रडवलं होतं. हायवेवरच्या कुठल्याशा गॅरेजात एकानं इंजिनाकडं हवा नेणारी रबरी नळी बदलली आणि तिची क्लिप ढिलीच ठेवली. बाहेरून सगळं ठाकठीक. पण आत इंजिन रोज त्या फटीतून माती पीत राहिलं. शेवटी ते खोलावं लागलं. सगळा हंगाम ट्रक दाराशी उभा, आणि शाझियाचे दिवस भरत आलेले. दुरुस्त करणाऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं की एवढ्यावर भागलं, पुन्हा आत माती गेली तर हे इंजिन दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही.

आणि आता केबिनच्या मागचा उंच पाईप बुडाशी तडकला होता. वरून चांगली हवा घेऊन ती फिल्टरच्या डब्यात सोडणारा हा पाईप. फिल्टरपासून पुढं इंजिनापर्यंतची रबरी नळीही बारीक भेगांनी भरली होती. यासीननं साताऱ्याहून सगळा नवा संच आणून ओसरीत ठेवला आणि जाहीर केलं, ह्या खेपेला परक्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही. आपणच बसवायचं.

ठरवलं खरं. पण त्याच्या हाताला स्टेअरिंगची सवय, पान्याची नाही. हत्यारं म्हणाल तर एक जॅक, एक चाक खोलायची दांडी आणि तोंड झिजलेला एक पाना, जो बोल्टवर धरला की फिरायचा आणि बोल्ट तिथंच राहायचा. दोन दिवस तो मोबाईलवर बसवायचे व्हिडिओ बघत बसला. त्यातली गाडी वेगळी, माणसं वेगळी, आणि अवघड जागा आली की नेमका कॅमेरा दुसरीकडं. शाझिया खांद्यावरून बघायची आणि तिची धाकधूक वाढायची. अखेर तीच म्हणाली, आपण कुतुबमामूंकडं जाऊ.

कुतुबुद्दीन हा शाझियाच्या आईचा थोरला भाऊ. विश्रामबागच्या मागच्या अंगाला त्याचं गॅरेज होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यानं शटर ओढलं, पण हत्यारं विकली नव्हती. प्रत्येक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला. मामूला बोलायला माणूस लागायचा, आणि चेष्टा करायला जावई सापडला तर त्याचा दिवसच साजरा व्हायचा.

रविवारी तिघं सांगलीला पोचली. यासीननं हत्यारं मागितली तसा मामू खुर्चीत मागं रेलला.

"पाने देतो जावईबापू, पण असे नाही. आधी इथं बसवून दाखवायचं. माझे पाने तुमच्या हातात दिले आणि तुम्ही त्यानं खिळे ठोकले तर?"

"न्हाई ठोकणार, मामू. घरात हातोडी हाय," यासीन म्हणाला.

मामूला ते आवडलं. त्यानं शटर वर करायला लावलं. बाकावर फिल्टरचा एक जुना डबा आणि कुठल्याशा गाडीची वाकडी रबरी नळी पडली होती. त्यावर शिकवणी सुरू झाली. बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ती गोटी कशी निवडायची, अडचणीच्या जागी लांब दांडी कशी लावायची, क्लिपचा स्क्रू आपल्याकडं तोंड करून कसा ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी पेचकस पोचेल. यासीननं पहिली क्लिप जीव खाऊन आवळली. रबर कापलं. मामू म्हणाला, "जावई, गळा आवळायचा नाही, मिठी मारायची."

दुसऱ्या खेपेला क्लिप नीट बसली, पण शाझियाला काहीतरी खटकलं. ती वाकून बघायला लागली. नळी एका बाजूनं डब्याच्या ओठावर चढली होती, पलीकडून नखभर मागं राहिली होती. तिनं पर्समधला छोटा आरसा काढून मागं धरला, तशी फट सगळ्यांना दिसली. मामूनं तो आरसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, पेटीत एवढी हत्यारं जमवली, हे राहिलंच होतं. मग त्यानं शाझियालाही बाकाजवळ स्टूल दिलं, आणि पुढचं सगळं दोघांना मिळून सांगितलं.

त्यातली एक गोष्ट त्यानं फार गंभीर होऊन सांगितली. रबरी नळी काढली की इंजिनाकडचं तोंड उघडं पडतं. आत टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा, बारका पंखा. तो फिरतो तेव्हा डोळ्याला दिसत नाही इतका फिरतो. बोल्ट, वायसर, चिंधी, काहीही आत गेलं तर पंख्याचे तुकडे, आणि तुकडे पुढं इंजिनात.

"रांगतं पोर असतंय इंजिन म्हणजे," मामू म्हणाला. "तोंड उघडं दिसलं की काहीतरी आत जाणारच. म्हणून आधी बोळा कोंबायचा. बोळा काळा-मळका घ्यायचा नाही, लांबून दिसेल अशा रंगाचा घ्यायचा. आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं."

शाझियानं मान डोलावली. बीएस्सीला फिजिक्स होतं, पण एवढ्या पटकन कुठलाच नियम तिला कळला नव्हता.

शेवटी परीक्षा कशी घ्यायची तेही सांगितलं. सगळं जोडून झालं की इंजिन चालू करायचं आणि वरच्या तोंडावर ताट दाबायचं. हात नाही, ताट. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. तरीही चालत राहिलं, तर कुठल्यातरी फटीतून ते चोरून श्वास घेतंय. मग पुन्हा सगळ्या क्लिपा बघायच्या.

निघताना मामूनं पेटी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जावयाला म्हणाला, पाने मोजून देत नाही, पण ओळखतो एकेकाला.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरला अंगणात काम निघालं. गच्चीच्या जिन्याला खेटून यासीननं ट्रक लावला, म्हणजे पाईपचं वरचं तोंड जिन्यावरून हाताला येईल. बोळ्यासाठी शाझियानं अर्फाचं जुनं पिवळं दुपटं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण रंग अजून हळदीसारखा. तिनं त्याचे मधोमध फाडून दोन तुकडे केले. एक इंजिनाकडच्या तोंडात, एक फिल्टरच्या डब्याकडच्या. दोन्हीची शेपटं बाहेर.

यासीनचा पंजा रुंद, तो खालच्या क्लिपपर्यंत जाईना. शाझियाचा गेला. मग वरून तो आणि खालून ती, असं काम चाललं. मेहरुनबी अर्फाला मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली होती. सुनेचे कोपरापर्यंत काळे हात तिला काही पटत नव्हते, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. फक्त शाझिया हात धुवायला नळाकडं गेली तेव्हा ओरडली, नळाच्या फडक्याला तेलाचं बोट लावू नको. नगरपालिकेच्या पाण्यात गाळ येतो म्हणून गल्लीत सगळ्यांच्या नळाला फडकं बांधलेलं असायचं. मेहरुनबीचं फडकं मात्र गल्लीत सगळ्यांत पांढरं, आणि गाठही तिचीच, दुसऱ्या कुणाला सुटायची नाही.

"एवढा खटाटोप कशाला म्हणायचा ह्यो?" तिनं मुलाला विचारलं.

"अम्मी, हवेचा नळ हाय ह्यो. ह्यातनं इंजिन हवा पितं. त्यात माती जाऊ ने म्हणून समदं."

मेहरुनबीनं वर पाईपच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं आणि हं केलं.

उन्हं उतरायच्या आत सगळं जोडून झालं. शेवटची नळी चढवायच्या वेळी अर्फानं भोकाड पसरलं. शाझियानं एका हातानं तिला घेतलं, दुसऱ्या हातानं आरसा धरला. मग यासीननं गाडी चालू केली, जिन्यावर चढून ताट दाबलं. इंजिन घुरघुरलं, खोकलं आणि बंद पडलं. यासीन ताट हातात धरून जिन्यावरच हसत उभा राहिला. लग्नातसुद्धा तो एवढा हसला नव्हता.

सकाळी अंधार सरता सरता तो बॉक्स भरून कवठे महांकाळला निघाला.

शाझियानं घर आवरलं, कालचे मळके कपडे भिजवायला घेतले. दुपट्याचा एक पिवळा तुकडा हाताला लागला. दुसरा काही सापडेना.

तिनं बादली पालथी केली. पेटी पाहिली, अंगण पाहिलं, पाळण्याखाली पाहिलं. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आठवायला लागली. डब्याकडचा बोळा काढल्याचं नक्की आठवत होतं. तो यासीनच्या खांद्यावर टाकला होता. इंजिनाकडचा? शेपूट मुठीत धरल्याचं आठवत होतं. ओढल्याचं? तेवढ्यात अर्फा रडली होती. पोरीला उचललं ते आठवत होतं, पण ओढल्याचं काही डोळ्यापुढं येईना. जितकं आठवावं तितकं ते धूसर व्हायला लागलं.

ती मनाशी म्हणाली, आत राहिला असता तर गाडी चालूच झाली नसती. मग म्हणाली, कडेला चिकटून राहिला असेल तर? रस्त्यात हादरे बसून पुढं सरकला तर? चहा गार होऊन त्यावर साय धरली.

नळाला पाणी आलं त्या सुमाराला फोन वाजला. यासीन होता. कवठे महांकाळ सोडून शेडांच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी पाण्यासारखी चालली, म्हणाला. आता चढ आला की ओढेना झालीय. मागं काळा धूर. काय समजंना. तसाच हळूहळू रेटत जावं म्हणतो, शेड जवळच हाय.

शाझियाच्या जिभेवर आलं होतं की बरं, जपून जा. तेवढं म्हणून फोन ठेवता आला असता. बोळा काढल्याची खात्री तिला निम्मी तरी होतीच.

"अहो, आधी इंजिन बंद करा," ती म्हणाली. "दुपट्याचा एक तुकडा मिळत नाहीय मला. इंजिनाकडचा. मी तो काढला की नाही, मला आठवत नाही."

पलीकडं इंजिनाचा आवाज थांबला. यासीन चिडेल, निदान एखादा शब्द तरी टाकेल असं तिला वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "मामूची पेटी हाय संगं. खोलून बघतो."

फोन बंद झाला. शाझिया ओसरीत आली. मेहरुनबी नळाखाली घागर लावत होती, अर्फा तिच्या पदराशी. शाझियानं अर्फाच्या गालात बोट फिरवलं, काही नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा फिरवलं. पोरीनं चिडून तोंड मिटून घेतलं. मेहरुनबीनं एक घागर भरून दुसरी लावली.

फोन आला तेव्हा शाझियानं तो स्पीकरवर टाकला, कपडे भिजवून हात ओले होते म्हणून.

"आत काय न्हाई," यासीन म्हणाला. "बोट घालून बघितलं. पंखा नव्या भांड्यागत चकाकतोय. मातीचा कण न्हाई."

शाझिया पायरीवर बसली. डोळ्यात पाणी आलं ते तिनं खांद्यानंच पुसलं. पण यासीनचं बोलणं संपलं नव्हतं. नळी परत बसवली, गाडी चालू केली, तर पुन्हा तेच. धूर आणि घुसमट. क्लिप आवळण्यात आपलंच काहीतरी चुकलंय, तो म्हणाला. आवाज पडला होता त्याचा.

"घुसमट म्हणजे कशी?" शाझियानं विचारलं. "काल ताट दाबल्यावर झालं तशी?"

"व्हय. तश्शीच. जरा कमी."

"मग क्लिपचं काही नाही. क्लिप ढिली असती तर तिथनं श्वास घेतला असता ना? मामू म्हणाले नव्हते का, चोरून घेतंय म्हणून. हे चोरून घेत नाहीय, ह्याला मिळतच नाहीय. तुम्ही वर चढून तोंड बघा."

मेहरुनबी घागर उचलता उचलता थबकली.

"फडकं बघाय सांग त्याला," ती शांतपणे म्हणाली. "धुवाय झालं आसंल."

शाझियाला आधी कळलंच नाही. तिनं वळून सासूकडं पाहिलं. मग नळाकडं पाहिलं, त्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या फडक्याकडं आणि त्या गाठीकडं.

"अम्मी, ते पिवळं फडकं?"

"त्येच की. पडलं हुतं अंगणात, धुतलं म्या. तूच घातलंवतंस ना माती जाऊ ने म्हणून? मग वरचं तोंड उघडं का टाकायचं? पहाटं जिन्यावनं बांधलं हवेच्या नळाला." घागर कमरेवर घेत तिनं पुढं सांगितलं, जणू समोरच्याला एवढंही ठाऊक नसावं, "नळाचं फडकं गाळानं भरलं की धार बारीक हुती. सोडायचं, झटकायचं, पुन्हा बांधायचं. त्याला काय एवढं."

फोनमधून केबिनच्या पत्र्यावर चढणारे पाय ऐकू आले, आणि मग यासीनचं हसू, आधी नाकातून आणि मग मोठ्यानं, इतकं की बाजूच्या शेतातल्या कुणीतरी काय झालं म्हणून विचारलेलंही ऐकू आलं. फडकं नुसतं लाल मातीचं पोतं झालंय, तो सांगत होता. आणि गाठ सुटत न्हाई, अम्मी, कापू का?

"कापू नगं. वल्ली करून सोड."

शाझिया पायरीवर तशीच बसून राहिली. आत ऊन ऊन काहीतरी उतरत होतं, चहा प्यायल्यासारखं. तिनं काढला होता. तो बोळा तिनं वेळेवर ओढून काढला होता आणि अंगणात टाकला होता, आणि अर्फाला उचललं होतं, हे सगळं एका दमात आणि नीट. हाताला आठवत होतं, तिलाच आठवत नव्हतं.

गाडी पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. मोकळा, भरलेला. यासीननं मुद्दाम एकदोनदा जोर देऊन ऐकवला.

"मामूला सांगतो," तो म्हणाला. "परीक्षा दोनदा दिली म्हणावं. एकदा ताटानं, एकदा अम्मीच्या फडक्यानं. कुठनं केसभर हवा शिरली न्हाई. खालनं तू आवळलेली क्लिप तर, काय सांगू, खोलताना माझा घाम काढला तिनं."

"मिठी मारायची, गळा नाही," शाझिया म्हणाली.

"ती मिठीच हुती."

मेहरुनबी मोरीतून म्हणाली, तरी किती माती निघाली ते विचार. यासीननं सांगितलं, ओंजळभर तरी आसंल. मग, ती सगळी आत गेली असती, मेहरुनबी म्हणाली, आणि तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. माती फिल्टरनं अडवली असती, त्यासाठीच तो डबा असतो, हे शाझियानं समजावून बघितलं. मेहरुनबीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या डब्याला कोण धुतं? फिल्टर खरंच किती दिवसांनी झटकायचा, हे मामूला विचारायचं राहूनच गेलं होतं. शाझियानं ते मनात टिपून ठेवलं.

दुपारी यासीनचा शेडवरून फोटो आला. पाईपचं उघडं तोंड, आणि ट्रकच्या आरशाला वाळत घातलेला दुपट्याचा तुकडा, आता पिवळा म्हणवणार नाही असा. मेहरुनबीनं तो मोबाईल डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, साबण लावला न्हाई त्यानं.

शाझियानं चहा पुन्हा गरम केला. घोट घ्यायला बसली तर ओसरीत शांतता. अर्फा गप्प. कप खाली ठेवून ती उठलीच. पोर भिंतीला टेकून बसली होती, गाल फुगलेला, काहीतरी चोखत होती. शाझिया दोन पावलं पुढं गेली आणि वाकून पाहिलं.

अंगठा होता. स्वतःचाच.

ती परत आली आणि चहा गार व्हायच्या आत प्यायली.